टेनिस कोर्टाचं पिकलबॉल करूलालेत म्हणे

आमच्या भागातल्या बागेत दोन टेनिस कोर्टं आहेत, सिमेंटची, जुनी, कडेला जाळी गंजलेली, आणि आता त्या दोन्हींचं पिकलबॉल करायचं चाललंय. बागेचं नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि नाव लिहिलं की उद्या वॉकिंग ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरणार आणि मग मला सकाळी कट्ट्यावर बसायची चोरी. ठराव पास झालाय का नुसती चर्चा आहे हे कुणीच धड सांगत नाही, खरं रंगवाला येऊन मापं घेऊन गेला हे मी स्वतः बघितलंय, आणि आपल्याकडं मापं घेऊन गेला म्हणजे निम्मं काम झालं असंच धरायचं.

लगेच दोन पार्ट्या पडल्या. टेनिसवाले आणि पिकलबॉलवाले. एक गोष्ट मात्र मजेची वाटली, बेळगावात एवढं भांडण झालं आणि त्यात मराठी-कन्नड कुठं आडवं आलं नाही असं मी पहिल्यांदाच बघतोय, दोन्ही पार्टीत दोन्हीकडचे लोक आहेत, शिव्या पण मिक्समध्ये चालल्यात. बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा तो प्रश्न अजून आलेला नाही म्हणून असेल, आला की बघू.

आधी माझं सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी ह्याच कोर्टावर टेनिस शिकलो. शिकलो म्हणजे काय, लहानपणी बॉल आणून द्यायचं काम करायचो, मोठे लोक खेळून दमले की दहा मिनिटं रॅकेट हातात मिळायची. घरचं कुणी क्लबात मेंबर नव्हतं, व्हायची ऐपत पण नव्हती. आता उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये प्लॅनिंग बघतो, गुडघा कुरकुरतो, म्हणून गेल्या वर्षापासून पिकलबॉल पण खेळतो. आणि मला तो आवडतो, मनापासून आवडतो, त्यामुळं हे जे खाली लिहिलंय ते पिकलबॉलवर राग धरून लिहिलेलं नाही.

ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लास्टिकचा भोकं असलेला हलका बॉल, हातात टेबल टेनिसच्या बॅटपेक्षा मोठं आणि रॅकेटपेक्षा लहान पॅडल, तार नाही काही नाही, सपाट कडक. सर्व्हिस खालून करायची. सर्व्हिस झाली की बॉल त्यांच्याकडं एक टप्पा, मग परत आपल्याकडं एक टप्पा पडूच द्यायचा, त्यानंतरच हवेतल्या हवेत मारता येतो. नेटच्या दोन्ही बाजूला सात-सात फुटांचा पट्टा असतो त्याला किचन म्हणतात, तिथं उभं राहून हवेतला बॉल मारायचा नाही, म्हणजे उंच माणसानं नेटवर चिकटून धबाधब मारायचा धंदा बंद. अकरा पॉइंटची गेम, दोनचा फरक पाहिजे, आणि पॉइंट फक्त ज्याची सर्व्हिस त्यालाच. एवढं कळलं की झालं, अर्ध्या तासात माणूस खेळायला लागतो. हे टेनिसमध्ये होत नाही. टेनिसमध्ये पहिले काही महिने बॉल जाळीबाहेर गटारात आणि आपण त्याच्या मागं.

म्हणूनच तो एवढा पसरला. सकाळी बघा की, रिटायर्ड बँकवाले, डॉक्टर, दोन-तीन वर्क फ्रॉम होमवाली पोरं जी बेंगळूर-पुण्याहून शिकून आलीत, नवरा-बायको जोडीनं, आणि कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार आहेत ते तर सगळ्यांना पळवतात. आमच्याकडं बायका टेनिस कोर्टावर कधी फारशा दिसल्या नाहीत, पिकलबॉलला दिसतात, साडीवर नाही पण पंजाबी ड्रेस आणि बूट घालून मस्त खेळतात. ही गोष्ट छोटी नाही. आपल्याकडं मुंबईच्या सुनील वालावलकरांनी हा खेळ आणला, २००८ ला ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन निघाली, नंतर बरीच वर्षं कुणाला पत्ता नव्हता, आणि आता २०२५ मध्ये तर केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानं इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय फेडरेशन म्हणून मान्यता पण दिली. त्यामुळं "दोन दिवसाचं फॅड आहे ओ, जाईल" असं जे आमचे टेनिसवाले म्हणतात ते मला पटत नाही. नाही जाणार.

आता हिशोब. पिकलबॉलवाल्यांचं सगळं भाषण ह्याच हिशोबावर आहे आणि हिशोब खोटा नाही, मी टेप लावून बघितला. टेनिसचं कोर्ट रेघांच्या आत ७८ फूट लांब, डबल्सला ३६ फूट रुंद. खरं मागं पळायला जागा लागते, बाजूला लागते, म्हणून जाळीच्या आतली सगळी जागा धरली तर १२० बाय ६०, म्हणजे ७२०० स्क्वेअर फूट. पिकलबॉलचं कोर्ट २० बाय ४४, पळायची जागा धरून ३० बाय ६०, म्हणजे १८००. चार बसतात, अगदी बरोब्बर. एका टेनिस कोर्टावर जास्तीत जास्त चार माणसं, त्याच जागेत पिकलबॉलची सोळा. दोन कोर्टं म्हणजे आठच्या जागी बत्तीस. कुठल्याही मीटिंगमध्ये हा आकडा टाकला की समोरचा गप्प होतो. मी पण झालो होतो.

वर ते म्हणतात, कोर्टं रिकामीच पडून असतात की. तेही खरं आहे, दुपारी कुत्री झोपलेली असतात तिथं. खरं का रिकामी असतात हे कोण विचारत नाही. नेट फाटलंय, मधला पट्टा तुटलाय त्यामुळं नेट मधे पोटासारखं लोंबतंय, चारातले दोन लाइट बंद, पावसाळ्यात जून ते सप्टेंबर शेवाळ धरतं ते नोव्हेंबरपर्यंत कोण घासत नाही, आणि कोर्टाची चावी ज्याच्याकडं असते तो माणूस नऊ वाजता निघून जातो. असं कोर्ट रिकामं नाही राहणार तर काय होणार. आधी सांभाळायचं नाही आणि मग म्हणायचं वापर नाही, ही पद्धत आपल्याकडं वाचनालयापासून शाळेपर्यंत सगळीकडं बघितलेली आहे. नवीन रंगाला पैसे निघतात, जुन्या नेटला निघत नाहीत. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव लागलं तेव्हापासून तर लोकांना सवयच झालीय, बागेत काही नवीन आलं की उद्घाटन, फोटो, दगडी पाटी. घासलेल्या शेवाळाचं उद्घाटन कुठं करतात.

तरीपण सोळा विरुद्ध चार हा आकडा डोक्यातून जात नव्हता. मग असंच एकदा हा खेळ निघाला कसा हे वाचायला बसलो आणि माझं डोकं एकदम दुसरीकडं गेलं.

१९६५ ची गोष्ट. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेनब्रिज नावाचं बेट आहे, तिथं जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोघं मित्र, पोरं सुट्टीत कंटाळलेली, घराजवळ जुनं बॅडमिंटनचं कोर्ट होतं, सामान काही पूर्ण सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकाचा प्लास्टिक बॉल घेऊन खेळायला लागले. नेट आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होतं, मग खाली आणलं. नंतर बार्नी मॅककॅलम म्हणून तिसरे त्यात आले आणि तिघांनी नियम बसवले. म्हणजे हा खेळ जन्मलाच बॅडमिंटनच्या कोर्टावर. आणि २० बाय ४४ हे माप कुठून आलं? बॅडमिंटन डबल्सचं माप २० बाय ४४. तेच. इंचभर फरक नाही.

मग मला सांगा, बेळगावात बॅडमिंटनची कोर्टं किती आहेत? शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत थंडीत संध्याकाळी जा, रस्त्यावर पांढऱ्या रेघा मारलेल्या, दोन बांबू, वर बल्ब लोंबतोय, पोरं खेळतात की नाही? शाळांच्या मधल्या चौकात आहेत, मंगल कार्यालयांच्या मागं आहेत, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आहेत, उद्यमबागेत आमच्याच कंपनीच्या शेडमागं एक आहे, लंच टाइमला चालू असतं. ह्यातल्या सिमेंटच्या किंवा डांबरी प्रत्येक ठिकाणी पिकलबॉल होऊ शकतो. रेघा आहेत, फक्त नेट खाली करायचं, बाजूला ३६ इंच आणि मधे ३४, आणि किचनची रेघ सात फुटांवर नवीन मारायची. मातीवर तेवढं जमत नाही, प्लास्टिकचा बॉल मातीत उसळतच नाही. बाकी कुठंही.

टेनिसला असं करून बघा. १२० बाय ६०ची सपाट सिमेंटची मोकळी जागा ह्या शहरात सार्वजनिक, फुकट, कुणालाही जाता येईल अशी अजून एक दाखवा. क्लबात आहेत, मेंबर लोकांसाठी. ज्यांचं त्यांना लखलाभ. बाहेरच्या पोराला रॅकेट धरायला ही दोनच कोर्टं आमच्या भागात आहेत, आणि एकदा गेली की परत कोण बांधून देणार, आज जागेचा भाव काय झालाय टिळकवाडीत ते विचारा कुणालाही.

एवढंच माझं म्हणणं आहे. ज्या खेळाला कुठंही जागा होते त्याला नेमकी तीच जागा कशाला द्यायची जिच्याशिवाय दुसऱ्या खेळाला जागाच नाही?

हे मी कट्ट्यावर बोललो तर एक जण म्हणाले, "टेनिस खेळून कोण मोठा झालाय ओ बेळगावात?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं. मोठं व्हायलाच खेळायचं असतं का, हे एक. आणि दुसरं म्हणजे फार लांब जायला नको, शेजारच्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनला चौदा वर्षांखालच्या मुलींत भारताकडून खेळून आली. आपल्याच राज्यातला कोडगूचा रोहन बोपण्णा २०२४ ला त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकला, ज्या वयात आमचे लोक "आता टेनिस झेपत नाही" म्हणून पॅडल विकत घेतात. (मी पण त्यातलाच, हसू नका.) आमच्या कोर्टावर एक मुलगी येते, बाप टेम्पो चालवतो, कंग्राळीहून सायकलवर, वय बारा असेल. तिचा बॅकहँड दोन हातांचा, असला सुंदर आहे की सुभेदारकाका पॅडल खाली ठेवून बघत उभे राहतात. ती विम्बल्डनला जाईल असं मी म्हणत नाही. खरं उद्या कोर्टावर निळा-हिरवा रंग झाला, चार-चार नेट कायमची ठोकली, तर ती कुठं जाणार हे कुणीतरी सांगा मला. तिला टेनिस शिकवणाऱ्या सरांना विचारलं तर सर नुसते हसले, म्हणाले, "मी पण पिकलबॉल शिकवायला लागतो की, पैसे जास्त मिळतात." विनोद नव्हता तो.

आणि माणसंच जास्त पाहिजेत ना कोर्टावर? मग टेनिसमध्ये पण आहे त्याची सोय. लहान पोरांसाठी लाल बॉल असतो, हळू येणारा, त्याचं कोर्ट फक्त ३६ बाय १८ फूट. मोठ्या कोर्टाची रुंदी किती? ३६. म्हणजे आडवी कोर्टं टाकायची, चार तर आरामात बसतात, खडूनं रेघा मारल्या तरी चालतं, नेटच्या जागी दोरी बांधली तरी चालतं. दहा वर्षांच्या आतल्या पोरांच्या स्पर्धा असल्या हळू बॉलवरच घ्यायच्या असा आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनचा नियमच आहे २०१२ पासून. आपल्याकडं अजून आठ वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या कोर्टावर उभं करतात, बॉल त्याच्या डोक्यावरून जातो, पोरगं रडतं, आई म्हणते क्रिकेटला घाला.

आवाजाचं पण बोलायला पाहिजे. बागेच्या मागच्या भिंतीला लागून घरं आहेत, एक काकू राहतात तिथं, ओळखीच्या आहेत. सध्या टेनिस कोर्टावर सकाळी लोक खडूनं रेघा मारून पिकलबॉल खेळतातच, त्यावरच त्या वैतागल्यात. "अरे मी रात्री तीनला झोपतो, सून नाइट ड्यूटीला असते, बाळाला मीच बघतो, जरा डोळा लागला की सहाला ह्यांचं टकाटक टकाटक सुरू. पूर्वी टेनिसचा आवाज यायचा तो कळायचा पण नाही बघ." त्यांचं बरोबर आहे. टेनिसची रॅकेट तारांची, बॉल लोकरीचा, आवाज ठप्प असा येतो. हे कडक पॅडल आणि कडक प्लास्टिक, आवाज टोकदार, आणि एका कोर्टावर नाही, आठ कोर्टांवर एकदम. अमेरिकेत ह्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्यात. डेन्व्हर शहरात काँग्रेस पार्क नावाची बाग आहे (टिळकवाडीकरांना नाव ऐकून घरचंच वाटेल, १९२४ ला गांधीजी अध्यक्ष होते ते काँग्रेस अधिवेशन इथंच झालं की), तिथली पिकलबॉलची कोर्टं २०२३ मध्ये महापालिकेनं शेजाऱ्यांच्या त्रासामुळं बंदच करून टाकली. म्हणजे आधी करायची आणि मग बंद करायची. आपल्याकडं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. कोण मोजतंय म्हणा, गणपतीत काय होतं माहीत आहे सगळ्यांना, आणि गणपतीचं मी काही बोलत नाही, खरं गणपती दहा-अकरा दिवस असतो, हे रोज सकाळ-संध्याकाळ.

वाऱ्याचं तर कुणी धरलंच नाहीये हिशोबात. बेळगावचा पावसाळी वारा, छत्री उलटी करणारा. टेनिसचा बॉल साधारण ५८ ग्रॅमचा, पिकलबॉलचा त्याच्या निम्म्याहून कमी, वर भोकं. जुलैमध्ये पाऊस नसला तरी उघड्यावर सर्व्हिस सरळ जात नाही, तुम्ही एका कोर्टात मारता ती शेजारच्या कोर्टात पडते. चौक, शेड, हॉल, दोन बिल्डिंगच्या मधली जागा, अशा आडोशालाच हा खेळ जास्त छान लागतो. म्हणजे परत तेच, त्याला उघडी बाग लागतच नाही.

आता मधला रस्ता आहे का, तर आहे, आणि हे मी प्लॅनिंगवाला म्हणून सांगतो. टेनिस नेटच्या एका बाजूला ६० बाय ६० जागा उरते, दुसऱ्या बाजूला तेवढीच. प्रत्येक बाजूला दोन पिकलबॉल कोर्टं टेनिसच्याच दिशेत बसतात, मधलं टेनिसचं नेट तसंच राहतं, उलट पलीकडं जाणारा बॉल अडवायला ते उपयोगी पडतं. पिकलबॉलच्या रेघा वेगळ्या फिक्या रंगात मारायच्या आणि नेट चाकावरची ठेवायची, खेळून झालं की ढकलून कडेला. बाहेर देशात अशी दोन्ही खेळांची कोर्टं पुष्कळ आहेत. फक्त खड्डे पाडून लोखंडी पोल सिमेंटमध्ये गाडायचे नाहीत. एकदा पोल गाडला की संपलं, टेनिस खेळताना त्याच्यावर कोण आपटणार, मग साहजिकच टेनिस बंद. आणि चाकावरच्या नेटसाठी पुणे-मुंबई करायची काय गरज आहे, अख्ख्या देशाला पंपाचे आणि गाड्यांचे पार्ट करून पाठवणारं गाव आपलं, दोन पाइप वाकवून खाली चार चाकं लावायची उद्यमबागेतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला दोन दिवसात करून देतो. मी आमच्या शेजारच्या वर्कशॉपवाल्याला स्केच दाखवलं, त्यानं चहा संपायच्या आत पाइपचा साइज सांगितला.

हे मीटिंगमध्ये मांडलं. मीटिंग म्हणजे बागेतल्या छत्रीखाली पंधरा-वीस माणसं, निम्मी मोबाइलवर. रेघांचं सगळ्यांना पटलं, टेनिसवाल्यांना पण. मग हळूच एकानं तोंड उघडलं, की अहो चाकावरची नेट कोण ढकलणार, त्यापेक्षा एजन्सीला चालवायला देऊ, ते कायमचे पोल, लाइट, नवीन फ्लोरिंग सगळं करतील, अ‍ॅपवर बुकिंग, तासाला पैसे, मेंटेनन्सची कटकट नाही. आणि तिथं मला सगळं चित्र दिसलं. बॉक्स क्रिकेटच्या टर्फचं जे झालं तेच. बागेची जागा सगळ्यांची, आत जायला मात्र पैसे. आज पिकलबॉलसाठी जे सीनियर लोक हिरिरीनं भांडतात ना, सहा महिन्यांनी त्यांनाच सकाळी सहाचा स्लॉट मिळणार नाही, कारण तो कुठल्यातरी ग्रुपनं महिन्याचा बुक केलेला असणार. हे मी म्हटलं तर दोघं-तिघं गप्प बसले, सुभेदारकाका एकदम उठून म्हणाले, "पैसे द्यायचे असले तर मी क्लबात नाही का जाणार? इथं कशाला येऊ?" माणूस पिकलबॉलचा पक्का, खरं तिथं पार्टी बदलली त्यांनी.

त्या दिवसापासून आमच्यातलं भांडण जरा वेगळं झालंय. टेनिस का पिकलबॉल हे मागं पडलं. आता एका बाजूला फुकट राहू दे म्हणणारे आहेत, त्यात दोन्ही खेळाचे आहेत, आणि दुसऱ्या बाजूला एजन्सीवाले. दुसऱ्या बाजूला माणसं कमी आहेत, ओळखी जास्त.

आम्ही एक अर्ज करायचं ठरवलंय. एक कोर्ट निव्वळ टेनिसला, नेट, पट्टा आणि लाइट दुरुस्त करून. दुसऱ्यावर दोन्ही रेघा, चाकावरची नेट, पिकलबॉल सकाळी सातच्या आधी नाही आणि रात्री नऊनंतर नाही, मागच्या भिंतीकडच्या बाजूला तर सकाळचं खेळायचंच नाही, काकूंना मी शब्द दिलाय. तासाला भाडं नाही, कुणाला चालवायला देणं नाही. आणि तिसरी गोष्ट, जवळच्या दोन शाळांच्या चौकात सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी पिकलबॉलला परवानगी मिळते का बघायचं, एका ठिकाणचे हेडमास्तर या बघायला म्हणालेत, त्यांचं बॅडमिंटनचं कोर्ट आहे पण मुलं क्रिकेटच खेळतात म्हणे. पिकलबॉलवाल्यांपैकी काहींना हे पटत नाही, आम्हाला बागेतच पाहिजे, झाडाखाली बसायला मिळतं, नंतर समोर चहा मिळतो. तेही खोटं नाही, खेळापेक्षा चहाच जास्त वेळ चालतो आमचा.

अर्ज कन्नडमध्ये द्यायला लागणार. सुभेदारकाकांची सून कन्नड मीडियमची आहे, ती लिहून देते म्हणाली, मराठीतला मी लिहिलाय, दोन्ही जोडून देऊ. सह्या चालू आहेत, वॉकिंग ट्रॅकच्या गेटवर चहावाल्याकडं कागद ठेवलाय. फक्त सही करताना बागेचं नाव आणि तुमचा भाग नीट लिहा, मागच्या वेळी गटाराच्या अर्जावर निम्म्या लोकांनी नुसतं "बेळगाव" लिहिलं होतं आणि तो अर्ज परत आला. रविवारी शाळेत माप घ्यायला जातोय, कुणाकडं शंभर फुटी टेप असली तर घेऊन या, माझी तीस फुटीच आहे.